काटा चढतो पण फॅन लागत नाही: जुन्या गाडीचं दुखणं घरच्या घरी कसं शोधायचं

जुनी गाडी वापरणाऱ्या माणसाला एक खोड लागते, दर दोन मिनिटांनी नजर आपोआप टेंपरेचरच्या काट्यावर जाते. घाट लागला की बायको बोलत असते आणि आपण हूं हूं करत काट्याकडे बघत असतो. माझ्याकडे जुनी कार्बोरेटरवाली छोटी गाडी आहे आणि या काट्याच्या आणि फॅनच्या नादात मी मध्यंतरी इतके पैसे घालवलेत की शेवटी मल्टिमीटर विकत आणून स्वतःच शिकलो. जे शिकलो ते इथे सगळं सविस्तर लिहितोय, लेख लांब होणार आहे, पण गाडी उकळून रस्त्यात उभी राहण्यापेक्षा वाचलेलं बरं.

हे सगळं मुख्यतः पुढे इंजिन आणि इलेक्ट्रिक फॅन असलेल्या गाड्यांना लागू आहे, म्हणजे मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो वगैरे. पद्मिनी किंवा अँबेसिडरवाल्यांचा फॅन बेल्टवर फिरतो, इंजिन चालू तर फॅन चालू, त्यामुळे त्यांनी फॅनचा भाग सोडून द्या, फक्त बेल्ट ढिला नाही ना एवढं बघा. काट्याचा भाग मात्र त्यांनाही उपयोगाचा आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा

काट्याला खबर देणारा सेन्सर वेगळा आणि फॅन चालू करणारा वेगळा. दोघंही पाण्यातच बसलेले, दोघंही पितळेचे, दिसायला भावासारखे, पण एकमेकांशी बोलत नाहीत. काट्याचा जो असतो त्याला बहुतेक एकच वायर असते, कारण त्याची अर्थिंग त्याच्या आट्यांमधून इंजिनलाच मिळते. पाणी गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होत जातो आणि त्याप्रमाणे काटा वर जातो. फॅनचा जो असतो तो साधा स्विच आहे, ठराविक गरमीला आतली पट्टी चिकटते, फॅन चालू, थोडं थंड झालं की सुटते, फॅन बंद. त्याला अर्धवट असं काही कळत नाही. आणि गाडी एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) असेल तर तिसराही एक असतो, दोन वायरचा, तो ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला खबर देतो आणि अशा बऱ्याच गाड्यांत फॅनचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) ईसीएमच चालू करतो.

हे माहीत नसल्यामुळे काय होतं, काटा वर जातो म्हणून फॅनचा स्विच बदलला जातो आणि फॅन लागत नाही म्हणून काट्याचा सेन्सर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुकानात गेल्यावर नुसतं "हीट सेन्सर द्या" म्हणू नका, दुकानदार जो हाताला लागेल तो देतो. जुना काढून सोबत न्या.

पहिली पायरी: गाडी खरंच गरम होतेय का

यात लोक घाई करतात. काटा वर गेला म्हणजे गाडी गरम झालीच असं नाही, आणि काटा खाली आहे म्हणजे सगळं ठीक आहे असंही अजिबात नाही (हे दुसरं जास्त धोक्याचं, त्यावर पुढे येतो).

सगळ्यात सोपं म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर, बंदुकीसारखा येतो तो. कोरोनात घेतलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर आणू नका, तो तापाच्या आसपासचेच आकडे दाखवतो, आपल्याला दीडशे डिग्रीपर्यंत तरी जाणारा पाहिजे. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह. त्याचं हाऊसिंग, म्हणजे वरचा होजपाईप इंजिनला जिथे जोडलेला असतो ती जागा, तिथे नेम धरा. ॲल्युमिनियम चकचकीत असेल तर रीडिंग खोटं येतं, कमी दाखवतो, म्हणून त्यावर काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवा आणि टेपवर मोजा. गाडी वीस मिनिटं चालून आलेली असेल तर ८५ ते ९५ च्या आसपास आकडा हा निरोगी. तिथे ८८ दिसतंय आणि काटा लाल पट्टीत आहे, तर गाडी गरम नाही, काटा खोटारडा आहे. तिथे १०५-११० दिसतंय आणि काटा मध्यावर आरामात बसलाय, तर लगेच इंजिन बंद करा.

बंदूक नसेल तर नाक आणि कान वापरा. कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात त्या द्रवाचा) गोडसर वास, बॉनेटखालून वाफ, रिझर्व्हच्या बाटलीत गुडगुड आवाज, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनमधून कडकड आवाज, ही खऱ्या गरमीची लक्षणं. यातलं काहीच नसताना काटा एकदम उडी मारून वर गेला, खड्ड्यात आपटल्यावर गेला, किंवा हेडलाईट लावल्यावर गेला, तर नव्वद टक्के वायरिंगचं काम आहे. पाणी असं एका सेकंदात तापत नाही हो.

आणि कधी गरम होते तेही लिहून ठेवा, खरंच सांगतो, एका कागदावर. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये उभी असताना चढते आणि पुढे रस्ता मोकळा मिळाला की काटा उतरतो, तर संशय फॅनवर. कारण गाडी पन्नास-साठला पळत असताना समोरचा वाराच पुरतो, फॅनची गरज नसते. उलट हायवेला ऐंशीला जाताना चढते आणि गावात ठीक असते, तर फॅन निर्दोष आहे, तिथे रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट अर्धवट, वॉटर पंप नाहीतर पाणी कमी यातलं काहीतरी आहे. घाटात दोन्ही कारणं एकत्र येतात, गाडी दुसऱ्या गिअरला रांगत असते, वारा नाही आणि इंजिनवर लोड पूर्ण, म्हणून सगळी पापं घाटातच उघडी पडतात.

काम करताना हात सांभाळा

दोनच गोष्टी, पण मनावर घ्या. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरच्या झाकणासारखं काम करतं, त्यावर ०.९ असा आकडा असतो बऱ्याचदा, म्हणजे साधारण ०.९ बार प्रेशर आत धरलेलं असतं आणि त्यामुळे शंभर ओलांडूनही आतलं पाणी उकळत नाही. तुम्ही झाकण फिरवलं की प्रेशर गेलं, आणि ते सगळं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडाल का? तसंच. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज दाबून बघा, मऊ लागला की मग जाड फडकं ठेवून हळू उघडा.

दुसरं, काही गाड्यांत चावी काढलेली असतानाही फॅन अचानक चालू होऊ शकतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा.

काट्याची तपासणी

इंजिन थंड. काट्याचा सेन्सर शोधा, बहुतेक इनटेक मॅनिफोल्डवर किंवा थर्मोस्टॅट हाऊसिंगजवळ असतो, एका वायरचा. ती वायर काढा आणि कशाला टेकणार नाही अशी धरा. चावी ऑन करा, स्टार्ट नाही. काटा 'सी'वर म्हणजे तळाला पाहिजे. आता तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवा आणि दुसऱ्या माणसाला काटा बघायला सांगा. काटा 'एच'कडे चढायला लागला पाहिजे. चढायला लागला की लगेच काढा, उगाच टेकवून ठेवू नका, काट्याचं मीटर जळू शकतं. जुन्या मीटरमध्ये काटा सावकाश चढतो, आळस देत उठल्यासारखा, त्याची काळजी नको.

आता यावरून निष्कर्ष असे. वायर काढल्यावर तळाला आणि टेकवल्यावर वर, म्हणजे मीटर आणि वायर दोन्ही चांगले, गडबड सेन्सरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. वायर काढली तरी काटा वरच, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय, बहुतेक एक्झॉस्टच्या जवळ वितळलेली सापडते. टेकवली तरी काटा हलतच नाही, तर वायर तुटलेली, कपलर (वायर जोडायचा प्लग) सुटलेला, किंवा मीटरला करंटच येत नाही. या शेवटच्या केसमध्ये पेट्रोलचा काटा बघा. तोही मेलेला असेल किंवा दोन्ही काटे एकत्रच वरखाली करत असतील तर सेन्सरचा नाद सोडा, मीटरचा फ्यूज, मीटरची अर्थिंग किंवा मीटरमागचा व्होल्टेज रेग्युलेटर बघा. ज्यांच्या गाडीत काटा ईसीएमकडून चालतो अशा नंतरच्या गाड्यांत ही वायर टेकवायची टेस्ट करू नका, तिथे सरळ स्कॅनर लावून कूलंटचा आकडा वाचा.

सेन्सर तपासायचा असेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक सेन्सरच्या पिनला आणि एक इंजिनच्या बॉडीला. थंड असताना मोठा आकडा, इंजिन तापत जाईल तसा उतरत जाणारा. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, त्यामुळे कुणीतरी सांगितलेला आकडा धरून बसू नका, आपल्याला बघायचंय की तो सलग उतरतोय का. मध्येच उड्या मारत असेल तर सेन्सर गेला.

इथे एक गंमत सांगतो. सेन्सर बदलताना गळू नये म्हणून आपले लोक आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात, तीही अशी की नळच बसवतायत. पण या एका वायरच्या सेन्सरची अर्थिंगच आट्यांमधून आहे! टेप जास्त झाली की अर्थ कच्ची, रेझिस्टन्स वाढला, आणि काटा खरं असेल त्यापेक्षा खाली दाखवायला लागतो. नवा सेन्सर टाकला आणि गाडी "थंड चालायला लागली" असं वाटत असेल तर आधी टेप काढून बघा.

हेडलाईट किंवा ब्लोअर लावल्यावर काटा हलतो ही केस पण अर्थिंगचीच. इंजिनवरून बॉडीला येणारी जाड विणलेली पट्टी असते ती बघा, तिचं नटबोल्ट सैल असतं किंवा खाली गंज. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनच्या धातूवर, हेडलाईट चालू, गाडी चालू. आकडा जवळपास शून्य पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी काढा, पॉलिश पेपर मारा, घट्ट बसवा. फुकटातलं काम आहे पण निम्मी भुतं यानेच पळतात.

काटा खाली आणि गाडी उकळतेय

मघाशी म्हणालो ते हे. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच त्याला पाण्याची गरमी कळते. पाणी कमी झालं किंवा सिस्टिममध्ये हवा अडकली की सेन्सरभोवती पाणीच राहत नाही, तो बिचारा हवेत बसून थंड रीडिंग देत राहतो आणि खाली इंजिन भाजून निघतं. काटा आधी चढला आणि मग काहीही न करता अचानक तळाला आला, तर खूश होऊ नका, पाणी संपलंय. फॅनचा स्विचही तसाच हवेत, म्हणजे फॅनपण लागत नाही. म्हणून कुठलाही पार्ट बदलण्याआधी, थंड इंजिनवर, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का हे बघायचं. बाटलीतली लेव्हल बघून समाधान मानू नका, झाकणाचा वॉल्व्ह खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं सर्रास असतं.

आता फॅन

आधी मोटर जिवंत आहे का बघू. मोटरचा कपलर काढा, मोटरच्या बाजूच्या दोन पिनांना बॅटरीवरून डायरेक्ट करंट द्या. वायर जाड घ्या, अडीच एमएमची, आणि मध्ये १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज घाला, बारीक वायरने केलं तर वायर लालबुंद होईल. प्लस प्लसला, मायनस मायनसला. मोटर जोरात सुरू झाली पाहिजे.

नाही झाली तर पात्याला हाताने फिरवून बघा (करंट काढून मग), जाम असेल तर बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) गेलेत. मोकळी फिरते पण चालत नाही, तर मोटरच्या पाठीवर पान्याच्या दांड्याने हलके ठोका आणि परत करंट द्या. ठोकल्यावर चालली तर कार्बन (मोटरच्या आत करंट पोहोचवणारे ब्रश) संपलेत. मोटर फेकू नका, रिवाइंडिंगवाल्याकडे कार्बन बदलून मिळतात, नवी मोटर घ्यायची गरज नाही. मी मोटर बदलली होती, नंतर कळलं.

मोटर चालतेय पण गाडीत लागत नाही, मग फ्यूज. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, काढा, त्याच्या पायांवर हिरवं चढलंय का आणि होल्डर वितळलाय का ते बघा. जुन्या गाडीत फॅनच्या फ्यूजचं प्लास्टिक तपकिरी झालेलं खूप वेळा सापडतं, ढिल्या काँटॅक्टमुळे तिथेच गरम होतं. फ्यूज वारंवार उडत असेल तर ३० चा घालून मोकळे होऊ नका, मोटर जड फिरतेय किंवा वायर शॉर्ट आहे, मोठा फ्यूज घातला की पुढची पाळी वायरिंगची.

रिले असेल तर त्यावर आकडे असतात, ३०, ८५, ८६, ८७. ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून तो फॅनकडे जातो, आणि ८५-८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ च्या जागा जाड वायरने जोडा, फॅन फिरला तर रिलेच्या पुढचं सगळं ठीक. मग रिले तरी खराब किंवा त्याला ऑर्डर देणारा तरी. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, हॉर्न वाजला नाही तर चोर सापडला.

आता स्विच. कार्बोरेटरच्या गाडीत फॅन स्विचचा कपलर काढा. दोन वायर असतील तर कपलरमधल्या दोन्ही पिना एका वायरने जोडा, एक असेल तर ती स्वच्छ बॉडीला टेकवा. चावी ऑन. फॅन फिरला म्हणजे मोटर, फ्यूज, रिले, वायर सगळे पास, आता संशय स्विचवर. ही जोडायची वायर पण जाडच घ्या, काही गाड्यांत मोटरचा पूर्ण करंट या स्विचमधूनच जातो.

एमपीएफआय गाडीत हा जोडाजोडीचा खेळ सेन्सरच्या वायरवर करायचा नाही. तिथे इंजिन चालू ठेवून दोन वायरच्या कूलंट सेन्सरचा कपलर नुसता काढा, बऱ्याच गाड्यांत ईसीएम घाबरून फॅन चालू करतं. तसं झालं तर फॅनची लाईन ठीक आहे समजा. चेक इंजिनचा दिवा लागेल, त्याला घाबरू नका.

एसी असेल तर त्याहून सोपी टेस्ट, एसी लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी लावला की फॅन फिरतोच. दोन फॅनवाल्या गाडीत मात्र नीट बघा कुठला फिरतोय, कंडेन्सरचा फिरतो आणि आपण रेडिएटरचा समजून बसतो.

स्विच पक्का तपासायचा तर काढून पाण्यात उकळायचा. घरातलं पातेलं वापरू नका, कूलंट विषारी असतं, जुना डबा घ्या. स्विच तारेने असा टांगा की पितळेचा भाग पाण्यात, पिना वर कोरड्या, आणि तळाला टेकायचा नाही. मल्टिमीटर बीपवर. पाण्यात थर्मामीटर सोडा. छोट्या गाड्यांत साधारण ९० ते ९८ च्या आसपास बीप वाजला पाहिजे, आणि थंड होताना त्याच्यापेक्षा काही डिग्री खाली बंद झाला पाहिजे. स्विचवर आकडा कोरलेला असतो, तो बघून ठरवा. आणि एक लक्षात घ्या, उघडं पाणी पुण्यात ९८ लाच उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच, त्याच्या वर ते जातच नाही. त्यामुळे ९८ चा स्विच पुण्याच्या गॅसवर वाजला नाही म्हणून त्याला फाशी देऊ नका. तो गाडीवरच तपासा, बंदूक धरून.

फॅन निर्दोष असतो ती केस

काटा वर, फॅन बंद, आणि वरच्या सगळ्या टेस्ट पास. अशा वेळी रेडिएटरला हात लावून बघा. काही गाड्यांत फॅनचा स्विच रेडिएटरवर असतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिनमधलं उकळतं पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही, रेडिएटर कोमट, स्विचला वाटतं सगळं आलबेल आहे. फॅनने काय करावं? आणि तुम्ही फॅन डायरेक्ट केला तरी तो थंड रेडिएटरलाच वारा घालणार.

थर्मोस्टॅट पण त्याच डब्यात उकळून बघता येतो, त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्या आसपास उघडायला लागला पाहिजे. बसवताना बारीक भोक किंवा हलणारी टिकली वरच्या बाजूला, म्हणजे हवा सुटते.

इथे मला भांडायचंय. "थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो" हे तुम्हीपण ऐकलं असेल. थर्मोस्टॅट बर्फासाठी नसतो, इंजिन लवकर आणि नेमक्या गरमीला यावं म्हणून असतो. तो काढला की हायवेला इंजिन गारठलेलं राहतं, पेट्रोल जास्त खातं, ऑईल खराब होतं. आणि काटा कायम तळाला बसल्यामुळे उद्या खरंच काही झालं तर कळायला उशीर. दुसरा असाच उपाय म्हणजे "फॅन डायरेक्ट करून देतो". एखाद-दोन दिवस घरी पोहोचण्यापुरतं ठीक, पण मग लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात, मोटरचे कार्बन झिजतात, आणि ज्या दिवशी मोटर बंद पडते त्या दिवशी सांगायला कुणी नसतं कारण चालू-बंद होण्याचा आवाजच आपण विसरलेलो असतो.

उलटा फॅन

ही माझी स्वतःची गोष्ट. मोटर नवी टाकली, कपलर वेगळा आला म्हणून वायर कापून जॉइंट मारून दिले. फॅन फिरायला लागला, आवाज झकास. पण गणपतीत चिपळूणहून वर येताना कुंभार्ली घाटात गाडी तीनदा थांबवली. परत आल्यावर थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर उघडून साफ करून घेतला, झाकण बदललं. पुढच्या खेपेला परत तेच. शेवटी पाटणच्या अलीकडे एका वायरमनकाकांकडे गाडी लावली, त्यांनी काहीही उघडलं नाही, खिशातून वर्तमानपत्राचा कागद काढला आणि फॅन चालू असताना गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरला. कागद जाळीला चिकटायला पाहिजे होता, तो फडफडत त्यांच्या अंगावर आला. मोटर उलटी फिरत होती! प्लस-मायनस उलटे जोडले की या मोटर उलट्या फिरतात, आणि फॅन इंजिनकडची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत बसतो. दोन वायरची अदलाबदल केली, पाच मिनिटांत काम झालं. काकांनी चहाचे पैसे घेतले फक्त.

तेव्हापासून मोटरला हात लावला की कागदाची टेस्ट मी आधी करतो. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर पुढून कागद चिकटला पाहिजे.

फॅन सरळ फिरतोय पण मरगळलेला वाटतो, तर गाडी चालू असताना मोटरच्या पिनांवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १४ आणि मोटरवर ११-१२ येत असतील तर मधल्या कुठल्यातरी जॉइंटमध्ये करंट खाल्ला जातोय. नुसती पिळून टेप मारलेली वायर असेल तर सोल्डर करा.

फॅन बंदच होत नाही, तर रिले काढा. थांबला तर रिलेचे पॉइंट चिकटलेत किंवा स्विच आत अडकलाय, स्विचचा कपलर काढून बघितलं की दोघांत कोण ते कळतं. काढूनही फिरतोय, तर आधीच्या मालकाने डायरेक्ट करून ठेवलाय, वायर शोधत बसा.

सगळं बरोबर, तरी गरम

मग विजेचं काम संपलं, पाण्याचं सुरू. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं टाकलेल्या रेडिएटरमध्ये क्षार बसतात, तुमच्या गिझरमध्ये बसतात तसेच. बंदूक घेऊन रेडिएटरवर आडवी-उभी फिरवा, मध्येच थंड पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या चोक आहेत. पाणी भरायचं तर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे, तयार मिक्स असेल तर त्यात पाणी घालू नका. काढलेलं कूलंट रस्त्यावर ओतू नका, चव गोड असते, कुत्री चाटतात आणि मरतात.

रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ऑईलच्या झाकणाखाली दुधी साय, पांढरा धूर, पाणी गळत नाही पण कमी होतं, यातलं काही दिसलं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. तिथे हा लेख संपतो, गाडी हेड उघडणाऱ्या मेकॅनिककडे न्या, आणि हेड लेथवाल्याकडून चेक करून घ्या, नुसती गॅस्केट बदलून भागत नाही बहुतेक वेळा.

रस्त्यातच चढली तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. मे महिन्यात घरचे शिव्या देतील, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, काटा थोडा तरी उतरतो. फॅन चालत असेल आणि ट्रॅफिकमध्ये अडकला असाल तर न्यूट्रलला थोडी रेस द्या, पंप जोरात फिरतो. काटा लाल पट्टीत गेला की मात्र हट्ट नको, बाजूला घ्या, इंजिन बंद, बॉनेट उघडा. फॅन चावी ऑनवर चालत असेल तर चावी तेवढी ऑन ठेवा. तापलेल्या इंजिनवर बिसलरी ओतणारे पण बघितलेत मी, हेडला तडा जाऊ शकतो त्याने. फॅनचा स्विच गेलाय हे नक्की असेल तर कपलरमध्ये वायरचा तुकडा जोडून घरी या, म्हणून तो तुकडा आणि एक-दोन फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

काम झाल्यावर

पाणी भरताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येतं. हीटर गरमवर, झाकण उघडं, इंजिन थंड असतानाच चालू करा, वरचा होज अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येत राहतील तसं पाणी टाकत जा. वरचा होज एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला, लेव्हल अजून एकदा खाली जाईल, भरा आणि पाणी उसळायच्या आत झाकण लावा. मग गाडी तशीच उभी चालू ठेवा. उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटांत फॅन लागला पाहिजे, काटा मध्याच्या थोडा वर जाऊन परत खाली आला पाहिजे, आणि फॅन बंद झाला पाहिजे. असं निदान तीनदा होऊ द्या आणि तिन्ही वेळा काटा कुठे असताना फॅन लागला ती जागा मीटरच्या काचेवर मार्करने बारीक ठिपका मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडून लेव्हल परत बघा, बहुतेक अर्धा ग्लास तरी पाणी मागतेच.